शेवटच्या पंचवीस किलोमीटरचं गणित

दिवाळी आटोपली की चौबे कॉलोनीतल्या महाराष्ट्र मंडळात सहलींच्या गप्पा सुरू होतात. अलीकडे त्यात मुंबई–गोवा क्रूझचा विषय हमखास निघतो. रायपूरसारख्या भूभागाच्या पोटात वसलेल्या शहरातल्या माणसांना जहाजाचं अप्रूप वाटणारच. गप्पा रंगल्या की कुणीतरी विचारतंच: माना विमानतळावरून मुंबईचं विमान पावणेदोन-दोन तासांत पोहोचतं, जहाज सुटतं संध्याकाळी, मग जो तो आदल्या दिवशीच मुंबई गाठा असं का सांगतो? एका रात्रीचं हॉटेलचं भाडं कशासाठी भरायचं?

याला लागूनच आणखी एक कोडं आहे. हावडा–मुंबई मेल रायपूरहून मुंबईला जायला एकोणीस-वीस तास घेते, पण सोडते थेट सीएसएमटीला. तिथून बॅलार्ड पिअरचा धक्का, म्हणजे जिथे क्रूझ लागते ती जागा, जेमतेम दीड-दोन किलोमीटर. विमान मात्र तेच साडेअकराशे किलोमीटरचं अंतर चुटकीसरशी कापतं आणि जहाजापासून पंचवीसेक किलोमीटरवर उतरवतं. घाई विमानाने संपते आणि काळजी तिथून सुरू होते.

दोन्ही कोड्यांचं उत्तर एकच आहे. जहाज गाठायचं असेल तर प्रवासाला सरासरी किती वेळ लागतो हे विचारून भागत नाही. तो वेळ किती खाली-वर होऊ शकतो, हे विचारावं लागतं.

विमानतळ लांब आणि धक्का गावात, असं का?

जहाजाला खोल पाणी हवं आणि वाऱ्या-लाटांपासून आडोसा हवा. या दोन गोष्टी जिथे मिळाल्या तिथे माणसं उतरली, वखारी उभ्या राहिल्या, बाजार भरले आणि शहर वाढलं. मुंबईचा जन्मच तिच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नैसर्गिक बंदरामुळे झाला, त्यामुळे धक्का आधी आणि शहर त्याच्याभोवती नंतर, असा क्रम आहे. बॅलार्ड पिअरला नाव मिळालं ते मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उभारणीशी जोडलेल्या कर्नल बॅलार्ड यांचं. शेजारची बॅलार्ड इस्टेट ही देखणी दगडी वस्ती तर गोदीच्या खोदकामातून निघालेल्या मातीची भर घालून तयार केलेल्या जमिनीवर उभी आहे. ती गोदी म्हणजे १९१४ ची अलेक्झांड्रा डॉक, आजची इंदिरा डॉक.

पुढे मालवाहतूक बदलली. कंटेनर आले, त्यांना रचून ठेवायला मैदानंच्या मैदानं लागू लागली, आणि ती गावात मिळेनात. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि मालाचा मोठा ओघ तिकडे वळला. शहरातले जुने धक्के त्यामुळे प्रवाशांसाठी मोकळे होत गेले. २० सप्टेंबर २०२५ रोजी इंदिरा डॉकपाशी मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवाशांची ये-जा डोळ्यांसमोर ठेवून ते बांधलं आहे.

विमानतळाची गोष्ट नेमकी उलटी. त्याला तीन-साडेतीन किलोमीटरची सलग सपाट धावपट्टी लागते, आजूबाजूला उंच इमारती चालत नाहीत आणि आवाज तर कुणालाच दाराशी नको असतो. मुंबईचा पहिला विमानतळ १९२८ मध्ये जुहूला झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते तिथेच. मग सांताक्रूझ आलं, आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं उडू लागली. प्रत्येक पिढीत विमानतळ शहरापासून आणखी दूर सरकला आणि प्रवासी धक्का मात्र होता तिथेच राहिला. दोघांमधलं अंतर अशा रीतीने वाढत जातं. हे मुंबईपुरतं नाही, गोव्यात आणि विशाखापट्टणमलाही तेच घडताना दिसतं. त्याकडे पुढे येऊच.

पाचला सुटणारं जहाज पाचला का मिळत नाही

रेल्वेची सवय असलेल्या माणसाला गाडी सुटायच्या मिनिटापर्यंत आशा असते. जहाजाच्या बाबतीत तिकिटावरची वेळ ही दोर सोडायची वेळ असते. प्रवाशाचं दार त्याच्या कितीतरी आधी, साधारण दीड-दोन तास आधी बंद होतं. प्रत्येक कंपनीची वेळ वेगळी असते, त्यामुळे तिकिटावर ‘चेक-इन बंद’ अशी जी वेळ छापलेली असते तीच आपली खरी वेळ समजायची.

मधल्या वेळात काय होतं? मुंबई बंदर हा सुरक्षित परिसर आहे. गेटवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहूनच आत सोडतात. पुढे सामानाची तपासणी, खोलीचं कार्ड, आणि मग मॅनिफेस्ट. मॅनिफेस्ट म्हणजे जहाजावर नेमकं कोण-कोण आहे याची पक्की यादी. ती बंद करून संबंधित अधिकाऱ्यांच्या हाती दिल्याशिवाय जहाज हलू शकत नाही. समुद्रात काही बरंवाईट झालं तर बचावाचं सगळं काम त्या यादीवर चालतं, म्हणून शेवटच्या क्षणी त्यात नाव घुसडता येत नाही. त्यानंतर जहाजावरच्या प्रत्येक प्रवाशाला सुरक्षेची माहिती द्यावी लागते, तीही निघण्यापूर्वी किंवा निघताच.

आता धक्क्याच्या बाजूने बघा. मोठं जहाज स्वतःच्या मर्जीने बंदराबाहेर पडत नाही. त्या पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेला बंदराचा अधिकारी जहाजावर चढतो आणि कप्तानाला वाट दाखवतो. बंदरात पायलट म्हणतात तो हाच. जहाजाला धक्क्यापासून ओढून सरळ करायला टग, म्हणजे छोट्या पण दणकट बोटी, लागतात. पायलट आणि टग यांची वेळ आधीच ठरलेली असते आणि त्यांच्यापुढे इतर जहाजांची रांग असते. शिवाय मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चांगला दीड-दोन पुरुष उंचीचा होतो, त्यामुळे मोठ्या जहाजांच्या हालचाली पाण्याच्या पातळीकडे बघून ठरवाव्या लागतात. एका कुटुंबासाठी अर्धा तास थांबायचं म्हणजे ही सगळी साखळी पुन्हा जुळवायची.

आणि इंधन. समजण्यापुरते आकडे घेऊ: पुढचं बंदर २४० सागरी मैलांवर आहे आणि जहाज ताशी १५ सागरी मैलांनी जातं. म्हणजे १६ तास. निघायला एक तास उशीर झाला आणि तरी ठरल्या वेळी पोहोचायचं असेल तर १५ तासांत जावं लागेल, म्हणजे वेग ताशी १६ मैल. फरक दिसायला फक्त एका मैलाचा. पण पाणी कापत जाणाऱ्या जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १६ भागिले १५ चा घन केला तर इंजिनांना सुमारे २१ टक्के जास्त जोर लावावा लागतो, आणि वेळ थोडा वाचला तरी त्याच अंतराला इंधन जवळपास १४ टक्के जास्त जळतं. एका तासाची ही किंमत आहे. जहाज थांबत नाही यामागे कुणाचा कडकपणा नसतो, हे गणित असतं.

उशीर कसा साठत जातो

विमानाचा उशीर पुष्कळदा आपल्या शहरात जन्मत नाही. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. रायपूरहून तुम्ही अकरा वाजता ज्या विमानात बसणार आहात ते सकाळी दिल्लीहून निघालेलं असू शकतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं पडलं की त्याचं पहिलं उड्डाणच रखडतं, आणि मान्याला लख्ख ऊन पडलेलं असतानाही फलकावर आपलं विमान दोन तास उशिरा दिसतं. मुंबईहून क्रूझ चालतात त्या मुख्यतः पावसाळा सोडून, म्हणजे ऐन धुक्याचा हंगाम क्रूझचाही हंगाम असतो. दिवसातली फेरी जितकी लवकरची, तितका तिच्या मागे साठलेला उशीर कमी. म्हणून सकाळचं पहिलं विमान घ्या असं जाणकार सांगतात.

मुंबईच्या आकाशातही एक अडचण आहे. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासात चाळीसहून जास्त विमानं तिच्यावर चढ-उतार करतात. एखादं विमान आपली वेळ चुकवून आलं तर त्याला फटीत बसवावं लागतं, आणि तोवर ते आकाशात घिरट्या घालतं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर धावपट्ट्यांच्या दुरुस्तीसाठी एखादा दिवस काही तास विमानतळ बंदही ठेवतात. ती तारीख आधी जाहीर होते, एवढं बरं आहे.

मग सामानाचा पट्टा, मग रस्ता. विमानतळ ते बॅलार्ड पिअर हे अंतर पहाटे पाऊण तासात सरतं आणि कामाच्या दिवशी भरगर्दीत त्यालाच दोन तास लागू शकतात.

आता हे टप्पे एकत्र मांडू. घर ते माना, विमान, सामान, आणि मुंबईतला रस्ता असे चार टप्पे. प्रत्येक टप्पा दहापैकी नऊ वेळा वेळेवर पार पडतो, असं उदारपणे धरू. एकेकटा बघितला तर कुठलाच टप्पा भरवशाचा नाही असं म्हणता येणार नाही. पण चारही टप्पे एकाच दिवशी सुरळीत होण्याची शक्यता काढायची तर ०.९ ला चार वेळा गुणावं लागतं. उत्तर येतं सुमारे ६६ टक्के. म्हणजे तीनदा गेलात तर एकदा कुठेतरी काहीतरी अडणार. तो अडथळा पोटात घ्यायला हाताशी राखीव वेळ हवा.

राखीव वेळ कुठे ठेवायचा, याकडे मात्र फारसं कुणी लक्ष देत नाही. आपण तो पहिल्या टप्प्यात खर्च करतो. मान्याला तीन-तीन तास आधी जाऊन बसतो. त्याने फक्त रायपूरच्या रस्त्यावरचा उशीर भरून निघतो; पुढे विमान रखडलं तर ते तीन तास कामाला येत नाहीत. तेच तीन तास मुंबईत, धक्क्याजवळ शिल्लक ठेवले तर मागच्या चारही टप्प्यांपैकी कुठेही झालेला उशीर त्यांच्यातून वजा होऊ शकतो. राखीव वेळ जितका शेवटाकडे, तितका तो जास्त टप्प्यांच्या उपयोगी पडतो.

आपल्याकडच्या लग्नांत हे शहाणपण पूर्वापार आहे. पत्रिकेवर अक्षता पडायची वेळ असते, पण परगावचं वऱ्हाड आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनालाच दाखल होतं. मुहूर्ताच्या सकाळी निघून वेळेवर पोहोचण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही, कारण मुहूर्त पुढे सरकत नाही. आदल्या रात्रीचं हॉटेल हे क्रूझचं सीमांतपूजन आहे.

यात एक कायदेशीर बाजूही आहे. विमानाचं तिकीट आणि जहाजाचं तिकीट वेगवेगळं काढलं असेल तर ते दोन स्वतंत्र करार असतात. विमान उशिरा आलं म्हणून जहाज कंपनीवर काही बंधन येत नाही, आणि जहाज चुकलं म्हणून विमान कंपनी क्रूझचे पैसे देत नाही. परदेशातल्या बऱ्याच क्रूझ कंपन्या विमान आणि बंदरापर्यंतची बस असं एकत्र विकतात. थोडं महाग पडतं, पण मधल्या जोडाची जबाबदारी त्यांच्याकडे जाते. वयस्कर जोडप्याने पहिल्यांदाच जायचं असेल तर हे जास्तीचे पैसे खुशाल द्यावेत, असं माझं मत आहे.

चौकट: पाचच्या जहाजासाठी उलटा हिशेब

समजा जहाज संध्याकाळी ५ ला सुटतं आणि चेक-इन ३ ला बंद होतं.

धक्क्याच्या गेटवर: दुपारी १ (दोन तास राखीव)
विमानतळाबाहेर टॅक्सीत: सकाळी ११
मुंबईत विमान उतरणार: सकाळी १०
रायपूरहून उड्डाण: सकाळी ८
माना विमानतळावर: सकाळी ६.३०
चौबे कॉलोनीतून निघणार: पहाटे ५.४५

यातलं आठचं विमान रद्द झालं आणि पुढचं दुपारी असलं, तर हिशेब तिथेच संपतो. म्हणून त्याच दिवशी जायचं असेल तर आपल्यानंतर आणखी किती विमानं आहेत हे आधी बघावं, आणि एकही नसेल तर आदल्या दिवशी निघावं.

विमानतळावरून ग्रीन गेट

मुंबई बंदराची गेटं रंगांच्या नावांनी ओळखली जातात: ग्रीन, यलो, ऑरेंज, पर्पल वगैरे. ती पी. डी’मेलो रोडच्या कडेने काही किलोमीटर पसरलेली आहेत. बॅलार्ड पिअरला जायचं गेट म्हणजे ग्रीन गेट. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘बंदर’ किंवा ‘जहाजाचा धक्का’ सांगितलं तर तो भाऊच्या धक्क्यावर नेऊन सोडायचा, आणि तिथून बॅगा ओढत परत यायला वेळ जातो. तिकिटावर लिहिलेलं गेट वाचायचं आणि तेच नाव सांगायचं.

जायचे मार्ग आता पूर्वीपेक्षा बरेच सुधारले आहेत. सगळ्यात मोठा बदल झाला भुयारी मेट्रोने. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिला विमानतळाच्या टर्मिनल १ आणि टर्मिनल २ या दोन्ही ठिकाणी स्टेशन आहे, आणि पुढे सीएसएमटीलाही. साधारण पाऊण तासात ती तुम्हाला फोर्टच्या भागात आणून सोडते. तिचा खरा गुण वेगात नाही, तर सकाळी लागतो तेवढाच वेळ ती संध्याकाळीही घेते यात आहे. खाली-वर होणारा टप्पा तिने जवळपास स्थिर करून टाकला. सीएसएमटीपासून ग्रीन गेटपर्यंत टॅक्सी करायची. मेट्रोत सामानाच्या वजनाला आणि आकाराला मर्यादा आहे, तेव्हा चार मोठ्या बॅगा असलेल्या कुटुंबाला टॅक्सीच सोयीची.

टॅक्सीने जाताना दोन वाटा आहेत. पश्चिमेकडून सी लिंक, कोस्टल रोड आणि मरीन ड्राइव्ह. पूर्वेकडून चेंबूर गाठून ईस्टर्न फ्रीवे. फ्रीवे उतरतो तोच पी. डी’मेलो रोडवर, म्हणजे बंदराच्या भिंतीला लागून. नवी मुंबई विमानतळावर उतरलात तर अटल सेतू घ्यायचा. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल शिवडीला उतरतो. अंतर सांताक्रूझपेक्षा जास्त, पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या घरात, पण त्यातला मोठा भाग सिग्नल नसलेला आहे. तिकीट काढताना मात्र मुंबईचा कोणता विमानतळ हे डोळे उघडे ठेवून बघा. दोन्हींच्या नावात ‘मुंबई’ आहे.

जेव्हा आगगाडी थेट जहाजापर्यंत जायची

रायपूरच्या विमानतळाला स्वामी विवेकानंदांचं नाव आहे, कारण त्यांच्या लहानपणाची दोनेक वर्षं या शहरात गेली. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्र कोलकात्याहून आला तेव्हा रेल्वे नागपूरपर्यंतच होती. पुढचा प्रवास बैलगाडीने, पंधरवड्याहून जास्त. सोळा वर्षांनी, ३१ मे १८९३ रोजी, ते शिकागोला निघाले ते मुंबईहून, ‘पेनिन्सुलर’ या जहाजाने. मधल्या काळात रेल्वे रायपूरला येऊन पुढे बंगालकडे गेली होती.

१८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर विलायतेची टपालबोट गाठायला सगळा उत्तर हिंदुस्थान मुंबईकडे येऊ लागला. गाडी उशिरा आली आणि बोट गेली तर पुढच्या बोटीपर्यंत ताटकळायचं. यावर तेव्हा काढलेला तोडगा आजही विचार करण्यासारखा आहे: जोडच काढून टाकायचा. धक्क्यावरच बॅलार्ड पिअर मोल नावाचं स्टेशन केलं. १ जून १९१२ रोजी पंजाब लिमिटेड, म्हणजे आजची पंजाब मेल, तिथून पेशावरला निघाली. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेलही बोटींच्या हंगामात तिथूनच सुटायची. बोटीवरून उतरायचं, फलाट ओलांडायचा आणि डब्यात बसायचं. गाडीचं वेळापत्रक बोटीशी बांधलेलं, कारण दोघांना सरकारी टपाल एकाच वेळी पोहोचवायचं होतं. त्यामुळे प्रवाशाला मधल्या टप्प्याची चिंता उरत नसे.

आता ते स्टेशन राहिलं नाही. पण त्या काळाची एक खूण रायपूरकरांच्या उपयोगाची आहे: सीएसएमटी. हावडा–मुंबई मेल पहाटे तिथे पोहोचते. ती दोन-तीन तास उशिरा आली तरी दुपारपर्यंत पुष्कळ वेळ हातात राहतो, आणि मुंबईतला रस्ता जवळपास हिशेबातूनच वजा होतो. गाडी निवडताना शेवटचं स्टेशन बघून घ्या. शालीमार–एलटीटीसारख्या गाड्या कुर्ल्याला लोकमान्य टिळक टर्मिनसला जातात. तिथून पुन्हा शहर ओलांडावं लागतं.

चुकलंच तर, आणि गोव्याचे दोन विमानतळ

जहाज मुंबईहून गेलं आणि पुढचं बंदर गोवा असेल, तर विमानाने गोव्याला जाऊन तिथे चढता येईल का? कंपनीने परवानगी दिली तरच, कारण पुन्हा मॅनिफेस्टचा प्रश्न येतो. म्हणून उशीर होतोय असं दिसताच जहाज कंपनीच्या तिकिटावरच्या नंबरावर फोन करायचा, धक्क्यावर पोहोचून नव्हे. अमेरिकेत तर याबाबत १८८६ पासूनचा कायदा आहे: परदेशी झेंड्याच्या जहाजाला तिथल्या एका बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात सोडता येत नाही. त्यामुळे पुढच्या बंदरात चढू देणं कंपनीच्या मनात असूनही जमत नाही, असं होऊ शकतं.

गोव्याला जायची परवानगी मिळालीच तर तिकीट काढण्यापूर्वी थांबा. मोठी जहाजं मुरगाव बंदराला लागतात. दाबोळी विमानतळ त्याच्या अगदी शेजारी, वास्कोला लागून. टॅक्सीला अर्धा तासही लागत नाही. जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ पेडणे तालुक्यात, सावंतवाडीच्या हद्दीजवळ आहे. तिथून मुरगाव साठेक किलोमीटर, आणि मध्ये मांडवी व झुआरी दोन्ही नद्या ओलांडायच्या. संगणकावर दोन्हींना ‘गोवा’च म्हणतात. दाबोळीचा संकेत जीओआय आणि मोप्याचा जीओएक्स, एवढाच एका अक्षराचा फरक. उत्तर गोव्यात राहायला जाणाऱ्यांना मोपा सोयीचा आहे, जहाज गाठणाऱ्याला दाबोळी.

परतीच्या दिवशी हिशेब उलटा होतो. जहाज सकाळी लागलं तरी प्रवासी मजल्यामजल्याने गट करून उतरवतात आणि सामान वेगळं येतं. उतरून गेटबाहेर यायला दुपारही होऊ शकते. रायपूरचं विमान संध्याकाळचं घ्यावं.

रोम आणि लंडन

पुण्या-नागपूरची, आणि आता रायपूरचीही पुष्कळ मुलं परदेशात आहेत. आई-बाबा भेटीला गेले की भूमध्य समुद्रातली क्रूझ ठरते आणि तिकिटावर ‘रोम’ लिहिलेलं असतं. पण रोमला समुद्रच नाही. जहाज सुटतं चिविताव्हेक्कियाहून, आणि फ्युमिचिनो विमानतळापासून ते साठ-सत्तर किलोमीटर दूर आहे.

असं का, याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. रोमचं प्राचीन बंदर टायबर नदीच्या मुखाशी होतं. दुसऱ्या शतकाच्या आरंभी सम्राट ट्रेजनने तिथे षट्‌कोनी आकाराची भव्य गोदी खोदली. नदी मात्र गाळ आणत राहिली, किनारा पुढे सरकला आणि गोदी जमिनीत आत राहिली. ते षट्‌कोनी तळं आजही आहे, आणि ते फ्युमिचिनो विमानतळाला अगदी लागून आहे! विमान उतरताना खिडकीतून दिसू शकतं. त्याच ट्रेजनने चिविताव्हेक्कियालाही बंदर बांधलं. तिथे गाळाची मोठी नदी नव्हती, त्यामुळे ते टिकलं. म्हणजे रोमला जाणारा प्रवासी उतरतो एका जुन्या बंदराच्या शेजारी आणि जहाजासाठी जातो दुसऱ्या बंदराला. जायला आगगाडी आहे, पण गाडी बदलावी लागते. शिवाय चिविताव्हेक्कियाचं बंदर इतकं मोठं आहे की गेटपासून जहाजापर्यंत बंदराच्या बसने जावं लागतं. तो अर्धा तास हिशेबात धरायला लोक विसरतात.

‘लंडन’ची जहाजं बहुधा साउदॅम्प्टनहून निघतात. हीथ्रोपासून ते शंभरेक किलोमीटर. खोल पाणी आणि जास्त वेळ टिकणारी भरती यामुळे ते बंदर वाढलं. १८९२ मध्ये तिथल्या गोद्या रेल्वे कंपनीनेच विकत घेतल्या आणि लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून बोटीला जोडून गाड्या सोडल्या. आज हीथ्रोहून थेट बस हाच सामानवाल्यांना सोपा मार्ग. सिंगापूर मात्र सुखाचं: चांगी विमानतळ आणि मरीना बे क्रूझ सेंटर एकाच शहरात, आणि धक्क्यापाशी मेट्रोचं स्टेशन. परदेशातली पहिली क्रूझ करणाऱ्यांना मी सिंगापूर सुचवतो ते यामुळेच.

आपल्याला जवळचा समुद्र

रायपूरकरांनी नकाशा उघडला तर जवळचं बंदर मुंबई नाही, विशाखापट्टणम आहे. हे नातं आजचं नाही. बंगाल नागपूर रेल्वेने रायपूर–विजयनगरम लाइन १९३१ मध्ये पूर्ण केली आणि १९३३ मध्ये विशाखापट्टणमचं नवं बंदर सुरू झालं. दोन्ही गोष्टी एकमेकींसाठी होत्या: मध्य प्रांतातल्या खाणींचा माल पूर्व किनाऱ्यावर उतरवायचा होता. रायपूरची ही लाइन बंदरासाठीच टाकलेली आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. मुंबईहून २०२१ पासून चालणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ या जहाजाने तिथून पुदुच्चेरी आणि चेन्नईकडे फेऱ्याही केल्या आहेत. त्या बारमाही नाहीत. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की पश्चिमेकडचं जहाज पूर्व किनाऱ्यावर येतं, तेव्हा अशा फेऱ्यांची शक्यता जास्त असते. त्यामुळे आधी जहाजाचं वेळापत्रक जाहीर झालंय का ते बघायचं आणि मग रेल्वेचं.

विशाखापट्टणमचा सध्याचा विमानतळ शहरातच, बंदरापासून जवळ आहे. नवा विमानतळ शहराबाहेर चाळीसेक किलोमीटरवर भोगापुरमला उभारण्यात येत आहे. तिथेही पुढे मोप्यासारखंच होणार. रायपूरहून जाणाऱ्याला याची झळ लागायचं कारण नाही. सप्टेंबर २०२४ पासून दुर्ग–विशाखापट्टणम वंदे भारत सुरू आहे. सकाळी रायपूर सोडते आणि दुपारी पोहोचवते. रात्रीच्या गाड्याही आहेत. वंदे भारत दुपारी उतरवते तेव्हा त्याच संध्याकाळचं जहाज धरायचा मोह होतो. तिथेही चेक-इनची वेळ आधी बघायची, आणि तीनच्या आसपास असेल तर एक दिवस आधीची गाडी घेऊन रात्र विशाखापट्टणममध्ये काढायची.